थ्रेशोल्ड ३.१ व्होल्ट, गेटवर ३.३ व्होल्ट, मग मॉस्फेट तापतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ईएसपी३२ (३.३ व्होल्टवर चालणारा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) वरून १२ व्होल्टची पाच मीटर एलईडी पट्टी (२४ वॉट, म्हणजे २ अँपिअर) चालू-बंद करायची आहे. मध्ये आयआरएफझेड४४एन हा मॉस्फेट (गेटवरच्या व्होल्टेजने ड्रेन आणि सोर्स यांच्यातला करंट सोडणारा किंवा अडवणारा ट्रान्झिस्टर) लावलाय. डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) त्याचं थ्रेशोल्ड व्होल्टेज २ ते ४ व्होल्ट दिलंय आणि ट्रान्झिस्टर टेस्टरवर या तुकड्याचं ३.१ आलं. पिनवर ३.३ मिळतात, म्हणजे थ्रेशोल्ड ओलांडला. तरी पट्टी मंद लागते, मॉस्फेटवर बोट ठेववत नाही आणि पाच-दहा मिनिटांनी पट्टी आपोआप जरा उजळते. मित्राकडे मात्र हेच सर्किट बिनतक्रार चालतं. दोन मॉस्फेट पॅरलल लावले तर भागेल का? आणि पुस्तकातला तो बॉडी इफेक्ट यात कुठे येतो?

वायरिंग बरोबर आहे असं धरून पुढचं लिहितोय: सोर्स ग्राउंडला, पट्टीचा मायनस ड्रेनला, ईएसपी३२ आणि १२ व्होल्ट सप्लाय यांचं ग्राउंड एकत्र. पट्टी चुकून सोर्सच्या बाजूला जोडली असेल तर पट्टीवर जितके व्होल्ट पडतील तितका सोर्स वर उचलला जातो आणि गेट-सोर्समध्ये काही उरतच नाही. मॉस्फेटला ग्राउंड कुठे आहे याच्याशी देणंघेणं नसतं, तो फक्त गेट आणि सोर्स यांच्यातला फरक बघतो. तेवढं एकदा मीटर लावून तपासा.

आता मूळ मुद्दा. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: थ्रेशोल्ड व्होल्टेज म्हणजे मॉस्फेट ‘ऑन’ होण्याचं व्होल्टेज. हा समज बहुतेकांना बीसी५४७ या साध्या बायपोलर ट्रान्झिस्टरपासून चिकटतो. तिथे बेसला ०.६-०.७ व्होल्ट झाले की ट्रान्झिस्टर लागला असं शिकवतात आणि व्यवहारात ते चालूनही जातं. बायपोलरमध्ये बेस-एमिटर व्होल्टेज साधारण ६० मिलिव्होल्टने वाढलं की कलेक्टर करंट दहापट होतो. इतका उभा चढ असल्यावर ‘०.७ ला ऑन’ म्हणायला हरकत नाही, कारण ०.६ आणि ०.७ मध्येच सगळा खेळ होऊन जातो. मॉस्फेटचं तसं नाही. थ्रेशोल्डच्या खाली त्याचाही करंट असाच पटीपटीने वाढतो, पण थ्रेशोल्ड ओलांडला की चढ मंदावतो. सॅच्युरेशनमध्ये, म्हणजे ड्रेनवर पुरेसे व्होल्ट असताना, करंट ढोबळमानाने (गेट व्होल्टेज वजा थ्रेशोल्ड) याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तुमच्या बाबतीत ही वजाबाकी ०.२ व्होल्ट आहे. तिचा वर्ग ०.०४. यात तुमचं उत्तर जवळजवळ आलंच.

डेटाशीटमधली ती ओळ पुन्हा उघडा आणि या वेळी उजवीकडचा ‘कंडिशन्स’चा रकाना वाचा. गेट थ्रेशोल्ड व्होल्टेज: किमान २.०, कमाल ४.०. अट: ड्रेन-सोर्स व्होल्टेज = गेट-सोर्स व्होल्टेज, ड्रेन करंट २५० मायक्रोअँपिअर. ज्या मॉस्फेटच्या पहिल्या पानावर ४९ अँपिअर छापलेत, त्याचा थ्रेशोल्ड पाव मिलिअँपिअरला मोजलेला आहे. तुमच्या पट्टीला लागतात २ अँपिअर, म्हणजे आठ हजार पट. दुकानाचं शटर वीतभर वर केलं की दुकान ‘बंद नाही’ इतकंच म्हणता येतं. कपाट आत न्यायचं तर ते पूर्ण वर लागतं. थ्रेशोल्ड ही ती वीत आहे.

मग पूर्ण ऑन कधी? त्याचं उत्तर दुसऱ्या ओळीत आहे, ऑन-रेझिस्टन्सच्या (मॉस्फेट उघडा असताना ड्रेन-सोर्समध्ये उरणारा रोध). तिथे लिहिलंय १७.५ मिलिओहम, आणि अट आहे गेट-सोर्स १० व्होल्ट. कंपनीने शब्द दिलाय तो १० व्होल्टचा. ५ व्होल्टला, ३.३ व्होल्टला काय होईल याबद्दल त्या डेटाशीटमध्ये कसलंच आश्वासन नाही. खाली छापलेले आलेख ‘टिपिकल’ असतात. ते बघून अंदाज बांधावा, डिझाइन करू नये.

थ्रेशोल्ड हा आकडा आला कुठून, हे कळलं की बाकीचं सोपं जातं. एन-चॅनल मॉस्फेटमध्ये गेटखाली पातळ ऑक्साइडचा थर आणि त्याखाली पी-टाइप सिलिकॉन. गेट पॉझिटिव्ह करत गेलो की आधी पृष्ठभागाजवळचे होल्स (पॉझिटिव्ह चार्जवाहक) दूर ढकलले जातात आणि तिथे वाहक नसलेला पट्टा तयार होतो. आणखी वाढवलं की इलेक्ट्रॉन पृष्ठभागाशी जमायला लागतात. पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनांची घनता आतल्या भागातल्या होल्सच्या घनतेइतकी झाली की पुस्तकं म्हणतात, ‘आता चॅनल बनला, हा थ्रेशोल्ड.’ पण त्या क्षणी आत काहीही खटकन होत नाही. त्याच्या जरा आधीही इलेक्ट्रॉन होते, जरा नंतरही हळूहळू वाढणारच आहेत. रेघ आपण मारलेली आहे. म्हणून तर ती वेगवेगळ्या ठिकाणी मारलेली सापडते. आयआरएफझेड४४एनला २५० मायक्रोअँपिअरला, २एन७००० ला १ मिलिअँपिअरला, आणि चिप डिझाइन करणारे कधी कधी आलेखाचा सरळ भाग मागे वाढवून तो अक्षाला कुठे छेदतो ते बघतात. तुमचा टेस्टर त्याच्या आतल्या सर्किटला सोयीच्या करंटला मोजतो. म्हणून टेस्टरचा ३.१ आणि डेटाशीटचा २ ते ४ यांची तुलना जपून करा.

घरी नीट मोजायचं असेल तर सोपं आहे. गेट आणि ड्रेन एकमेकांना शॉर्ट करा, सोर्स ग्राउंडला. १२ व्होल्टपासून ड्रेनला ३३ किलोओहमचा रेझिस्टर. मीटर ड्रेन आणि सोर्समध्ये. ३.१ च्या आसपास वाचन आलं तर रेझिस्टरवर ८.९ व्होल्ट पडले, म्हणजे करंट २७० मायक्रोअँपिअर. डेटाशीटच्या अटीच्या पुरेसं जवळ. आता ३३ किलोओहमच्या जागी ३.३ किलोओहम लावा. करंट दहापट झाला तरी वाचन व्होल्टच्या एखाद्या दशांशानेच सरकेल. त्याच तुकड्याचा ‘थ्रेशोल्ड’ बदलला, फक्त तुम्ही प्रश्न वेगळा विचारलात म्हणून. मग मॉस्फेटच्या टॅबजवळ गरम सोल्डरिंग आयर्न धरा (टेकवू नका) आणि मीटरकडे बघत राहा. आकडा उतरायला लागेल. हे डोळ्यांनी बघाच, कारण तुमच्या पट्टीच्या आपोआप उजळण्याचं कारण त्यातच आहे.

तिथे येण्याआधी तापण्याचा हिशोब करू. १२ व्होल्टच्या पांढऱ्या पट्टीत तीन-तीन एलईडी सिरीजमध्ये आणि सोबत एक रेझिस्टर असतो. तीन एलईडींवर ढोबळ ९ व्होल्ट जातात, उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरवर. म्हणजे मॉस्फेटने दीड व्होल्ट स्वतःवर ठेवले तर रेझिस्टरला दीडच उरतात आणि करंट २ वरून १ अँपिअरवर येतो. पट्टी अर्धी मंद. मॉस्फेटमध्ये जळतात १.५ गुणिले १, दीड वॉट. हीच सर्वांत वाईट जागा. यापेक्षा कमी किंवा जास्त उघडला तरी मॉस्फेटमधली उष्णता घटते. हीटसिंकशिवाय या पॅकेजचा जंक्शनपासून (आतल्या सिलिकॉनपासून) हवेपर्यंतचा थर्मल रेझिस्टन्स ६२ अंश प्रति वॉट दिलेला आहे. दीड वॉटला ९३ अंश वाढ. खोली ३२ अंशांवर असेल तर आतलं तापमान सव्वाशे. बोट ठेववत नाही ते यामुळे. तोच मॉस्फेट १० व्होल्टने पूर्ण उघडला असता तर २ चा वर्ग गुणिले ०.०१७५, म्हणजे ०.०७ वॉट, वाढ जेमतेम चार अंश. मॉस्फेट तोच आणि लोडही तोच, पण एकदा हात भाजतो आणि एकदा तो चालू आहे की बंद हे हाताला कळतही नाही.

आता उजळण्याचं. तापमान वाढलं की थ्रेशोल्ड उतरतो. या जातीच्या पॉवर मॉस्फेटमध्ये ढोबळमानाने अंशाला ५ ते ७ मिलिव्होल्ट. सर्किट चालू केलं तेव्हा तुमचा मॉस्फेट थंड होता, थ्रेशोल्ड ३.१, वजाबाकी ०.२. करंट थोडा, पट्टी मंद. त्या थोड्या करंटनेही तो तापला, समजा ५० अंशांनी. थ्रेशोल्ड पाव ते एक-तृतीयांश व्होल्ट खाली आला, वजाबाकी दुपटीहून जास्त झाली, चॅनल आणखी उघडला, पट्टी उजळली. आणि गंमत अशी की तो फार उघडला तर त्याच्यावरचं व्होल्टेज घटतं, उष्णता कमी होते, मग तो थोडा मिटतो. मधेच कुठेतरी तोल साधून तो भाजत बसतो. पट्टीऐवजी वेगळं लोड असतं, विशेषतः जास्त व्होल्टेजचं, तर असा तोल साधला असताच असं नाही. अर्धवट उघडे मॉस्फेट जळतात ते असेच. थंडीच्या सकाळी तुमची पट्टी जास्तच मंद लागेल आणि मे महिन्याच्या दुपारी ‘सर्किट तर व्यवस्थित आहे’ असं वाटेल. कामावर ‘कधी चालतं, कधी नाही’ अशी तक्रार घेऊन सर्किट कार्ड आलं की मी पहिल्यांदा गेटचं व्होल्टेज बघतो ते याचसाठी.

मित्राचं का चालतं? त्याचा तुकडा २.६ चा असेल. वजाबाकी ०.७, वर्ग ०.४९, तुमच्या बारापट. डेटाशीटनुसार दोन्ही तुकडे निर्दोष आहेत. २ ते ४ ही रेंज मोठी वाटते, पण थ्रेशोल्ड ऑक्साइडच्या जाडीवर, सिलिकॉनमधल्या डोपिंगवर (मुद्दाम मिसळलेल्या अशुद्धीवर) आणि ऑक्साइडमध्ये अडकलेल्या चार्जवर ठरतो. यातलं प्रत्येक थोडं इकडेतिकडे होतं. अटाला आणि कांग यांनी बेल लॅब्जमध्ये १९५९ मध्ये पहिला मॉस्फेट बनवला, त्यानंतर कित्येक वर्षं तो भरवशाचा मानला जात नव्हता. ऑक्साइडमध्ये शिरलेले सोडियमचे आयन गेट व्होल्टेजमुळे आतल्या आत सरकायचे आणि थ्रेशोल्ड वापरता वापरता बदलायचा. तो सोडियम हटवणं, म्हणजे कारखान्यातली स्वच्छता, ही या उद्योगाची एक मोठी लढाई होती. आजच्या तुकड्यात थ्रेशोल्ड तसा हिंडत नाही, पण तुकड्यातुकड्यातला फरक राहतोच. त्यामुळे मित्राचा मॉस्फेट मागून आणून लावणं हा उपाय नव्हे. त्याचं सर्किट नशिबावर चाललंय, तुमचं नशिबाने बंद पडलंय, इतकाच फरक.

तर मग थ्रेशोल्डचा उपयोग तरी काय? माझ्या कामात मी हा आकडा उलट्या बाजूने वाचतो. कमाल ४.० कडे मी फारसा बघत नाही, किमान २.० कडे बघतो. त्यातून मला कळतं की मॉस्फेट नक्की बंद ठेवायचा तर गेट किती खाली ठेवायला हवं. एखाद्या लो-थ्रेशोल्ड मॉस्फेटचा किमान ०.५ व्होल्ट असतो. बोर्ड तापल्यावर तो आणखी उतरणार. आणि मायक्रोकंट्रोलरचा ‘लो’ म्हणजे शून्यच असतो असं नाही. लोड असलेल्या पिनवर दोन-चार दशांश व्होल्ट सहज उरतात, वर मोटरच्या वायरिंगमधून आलेला नॉइज. असा मॉस्फेट ‘बंद’ असताना गळत राहतो आणि बॅटरी रात्रीत उतरते. मोठ्या चिपमध्येही हेच दुखणं आहे. थ्रेशोल्डखाली करंट दहापटीने घटायला खोलीच्या तापमानाला निदान ६० मिलिव्होल्ट लागतात, प्रत्यक्षात बहुधा त्याहून जास्त. म्हणजे वेगासाठी थ्रेशोल्ड ०.१ व्होल्टने उतरवला की बंद ट्रान्झिस्टरची गळती दहापट किंवा त्याहूनही जास्त वाढते. म्हणून प्रोसेसरमध्ये गरज असेल तिथेच कमी थ्रेशोल्डचे वेगवान ट्रान्झिस्टर वापरतात आणि बाकी ठिकाणी जास्त थ्रेशोल्डचे.

तुमच्यासाठी आता दोन रस्ते आहेत. पहिला, ३.३ व्होल्टला खरोखर उघडणारा मॉस्फेट घ्या. निवडताना थ्रेशोल्ड बघू नका, ऑन-रेझिस्टन्सची ओळ बघा आणि ती २.५ व्होल्टला दिलेली आहे का ते शोधा. एओ३४००ए ला २.५ व्होल्टला कमाल ४८ मिलिओहम दिलेत. २ अँपिअरला ०.१९ वॉट, म्हणजे कोमट होईल इतकंच. आकाराने तांदळाच्या दाण्याएवढा आहे, तेव्हा ब्रेडबोर्डसाठी छोटी अडॉप्टर पाटी लागेल. गेटची कमाल मर्यादा १२ व्होल्टच आहे, हे लक्षात असू द्या. नेटवर सगळे आयआरएलझेड४४एन सुचवतात. तो ‘लॉजिक लेव्हल’ खरा, पण त्याचा ऑन-रेझिस्टन्स १०, ५ आणि ४ व्होल्टला दिलाय, ३.३ ला नाही. ५ व्होल्टच्या आर्डुइनोसाठी डोळे मिटून घ्या. ३.३ वर त्याचा थ्रेशोल्ड १ ते २ असल्याने २ अँपिअर तो बहुधा सहज पेलेल, घरच्या पट्टीला मीही लावेन. विकायच्या वस्तूत लावणार नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काउंटरवर नुसतं ‘लॉजिक लेव्हल मॉस्फेट’ मागू नका, पूर्ण नंबर सांगा. आयआरएफ आणि आयआरएल यांत एकाच अक्षराचा फरक आहे आणि तोच कळीचा आहे.

दुसरा रस्ता, हातात असलेला आयआरएफझेड४४एन ठेवा आणि गेटला १२ व्होल्ट द्या; त्याची मर्यादा २० व्होल्टची आहे, चिंता नाही. १२ व्होल्टपासून गेटला १ किलोओहम, गेटपासून ग्राउंडकडे बीसी५४७, त्याच्या बेसला पिनपासून ४.७ किलोओहम. झालं. फक्त यात अर्थ उलटा होतो: पिन हाय म्हणजे पट्टी बंद. आणि ईएसपी३२ रीसेट होताना पिन मोकळी असते तेव्हा बीसी५४७ बंद, म्हणजे पट्टी क्षणभर लखकन लागते. दिव्याला हे चालून जातं, पंपाला किंवा हीटरला चालणार नाही. तिथे टीसी४४२७ सारखा गेट ड्रायव्हर लावा. तो १२ व्होल्टवर चालतो, ३.३ चा सिग्नल ओळखतो, अर्थ उलटवत नाही आणि पीडब्ल्यूएमने (वेगाने चालू-बंद करून) पट्टी मंद-प्रखर करायची असेल तर गेट झटकन भरतो-रिकामा करतो. पिनवरून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर द्यायला विसरू नका.

बॉडी इफेक्टबद्दल: सोर्स आणि बॉडी (चॅनलखालचं सिलिकॉन) यांच्यात व्होल्टेज असलं की थ्रेशोल्ड वाढतो, हे पुस्तकात बरोबरच लिहिलंय. पण तुमच्या मॉस्फेटमध्ये बॉडी आतूनच सोर्सला जोडलेली आहे, तो फरक कायम शून्य. आयसीच्या आत एकावर एक रचलेल्या ट्रान्झिस्टरमध्ये तो छळतो. परीक्षेसाठी वाचा, या सर्किटपुरता विसरा.

राहिले पॅरलल मॉस्फेट. पूर्ण उघडे असतील तर पॅरलल छान चालतात. तापला की ऑन-रेझिस्टन्स वाढतो, म्हणून जो जास्त करंट घेतो तोच स्वतःला आवरतो. अर्धवट उघडे असतील तर नेमकं उलटं होतं. तुमचा एक ३.१ चा आणि दुसरा समजा २.९ चा निघाला. ३.३ व्होल्टला त्यांच्या वजाबाक्या ०.२ आणि ०.४, म्हणजे करंट एकास चार. दुसरा जास्त तापणार, त्याचा थ्रेशोल्ड आणखी उतरणार, तो आणखी करंट ओढणार. पहिला थंड बसून राहील. पट्टी कदाचित आधीपेक्षा उजळ दिसेल, पण तो परिणाम दोन मॉस्फेटचा नव्हे, योगायोगाने कमी थ्रेशोल्डचा तुकडा हाती लागल्याचा. दुसऱ्या मॉस्फेटचे पैसे एका बीसी५४७ आणि दोन रेझिस्टरवर घाला.